डाव्या डोळ्यातले काजळ

अनसूयाबाई मेहरे यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि त्या भांडणात मी हरले. गौरवग्रंथात असे लिहीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण हा लेख लिहिण्यापूर्वी बाईंनी मला एक अट घातली आहे. ती अट कोणती, ते पुढे सांगते. तिच्यामुळे खरे तेच लिहिण्यावाचून मला गत्यंतर नाही.

मोर्शीला महिला मेळावा होता. बाळंतपणातल्या खुळ्या समजुतींवर मी बोलत होते. खाटेखालची शेगडी, कानावर आवळलेले फडके, डोळ्यांतले काजळ, सगळ्यांचा समाचार घेतला आणि शेवटी मालीश करणाऱ्या बायांवर आले. “ज्यांना शरीर म्हणजे काय ते ठाऊक नाही असे अडाणी हात आपण ओल्या बाळंतिणीच्या अंगावर चालवू देतो,” असे मी म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर तिसऱ्या रांगेतून एक बाई उठून उभ्या राहिल्या. ठेंगणा बांधा, डोक्यावर पदर, आणि मनगटे एखाद्या पहिलवानासारखी.

“म्याडम, एक इचारू काय?”

“विचारा.”

“तुमी कवा बायंतिणीच्या आंगाले हात लावला हाय काय?”

“मी स्वतः एकदा बाळंतीण होते,” मी म्हणाले. मला वाटले, उत्तर बिनतोड झाले.

“तवा तुमच्या आंगाले कोनी तरी हात लावला असन. मी तुमच्या हाताचं इचारून राहिली.”

सभागृह हसले. मी कबूल केले, नाही लावला.

“मंग लावून पाहा, मंग बोला. हात अडानी नसते वो. हात पाहून पाहून शिकते.”

एवढे बोलून बाई खाली बसल्या. उरलेले भाषण मी पूर्ण केले, पण ते माझ्याही कानांपर्यंत पोहोचले नाही. अमरावतीपर्यंतच्या परतीच्या प्रवासात मी मनातल्या मनात त्यांना वीस उत्तरे दिली. त्यांतले एकही पुरेसे नव्हते.

पुढे सात-आठ वर्षांनी माझी मुलगी केतकी पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याहून माहेरी आली. प्रसूती सुखरूप झाली, पण कळा फार वेळ चालल्या होत्या आणि पोरगी थकून गेली होती. “आई, तुझी भाषणं राहू दे, मला अंग चोळून देणारी बाई हवी,” असे तिने बजावले. डॉक्टरांनीही कोमट तेलाने हलके मालीश करायला हरकत घेतली नाही. शेजारच्या काकूंनी त्यांच्या ओळखीच्या बाईंना निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले, तर समोर तीच मनगटे.

“तुमीच काय वो त्या म्याडम?”

“मीच.”

“शेगडी लावाची नाई, हे मले मालूम हाय. तेल तरी हाय काय घरात, का तेबी बंद केलं तुमी?”

अशा रीतीने अनसूयाबाई आमच्या घरात आल्या आणि तिसऱ्या दिवसापासून ‘मावशी’ झाल्या. त्यांचे माहेर मोर्शीकडचे, भाजीपाला पिकवणारे. सासर अमरावतीत. हे काम त्या सासूकडून शिकल्या. ‘आधी पाहाचं, मंग धराचं’ ही सासूची शिकवण त्या आजही शब्दशः पाळतात. केतकीच्या अंगाला हात लावण्यापूर्वी त्या तिला खिडकीपाशी उजेडाकडे तोंड करून बसवीत आणि नुसत्या पाहत राहत. कपाळ, डोळे, ओठांचा रंग, पायांवरची सूज. मग तेल, मग न्हाणे, मग केसांना धूप. सगळ्यात शेवटी करंगळीने दोन्ही डोळ्यांत काजळाची एकेक रेघ. बाळाच्या डोळ्यात काजळ घालायला मी सक्त मनाई केली होती. माझे ते मत आजही कायम आहे. मावशींनी वाद घातला नाही. “लेकराच्या तयपायाले लावतो, तिथं तं चालन ना?” असे म्हणून बाळाच्या तळपायाला एक ठिपका लावला आणि विषय संपवला. बाळाच्या आईच्या डोळ्यांतले काजळ मात्र त्यांनी सोडले नाही, आणि मीही कशी कोण जाणे, अडवले नाही. त्या न अडवण्याचे मोल मला बाराव्या दिवशी कळले.

बारावा दिवस बारशाचा. विहीणबाई सकाळीच अकोल्याहून आल्या होत्या. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. केतकीची मान मात्र आदल्या दिवसापासून डाव्या बाजूला दुखत होती. दुखणे कानामागून डोळ्यापर्यंत चढे. “आई, कानात कुणीतरी सारखं धुणं आपटतंय,” असे ती म्हणाली होती. मी काय म्हणाले, तेही लिहिले पाहिजे. मी म्हणाले, “झोप नाही ना झाली, त्यामुळे होतंय.”

विहीणबाईंनी तर निदानच करून टाकले. “लेकराले घेऊन एका कुशीवर झोपली असन. नस चढली, दुसरं काय. आमच्या अकोल्यात एक जन हाय, मानेले असा एक झटका देते का कडकन आवाज येते, अन मानूस हसत घरी जाते.”

नस चढली. आपल्या वऱ्हाडात या दोन शब्दांपुढे कोणी प्रश्न विचारत नाही. शीर, स्नायू, धमनी, मज्जातंतू या सगळ्यांना मिळून आपण एकच शब्द वापरतो, ‘नस’, आणि तिच्यावर एकच उपाय करतो, झटका. मी आयुष्यभर मराठी शिकवले. या शब्दांतले फरक मी फळ्यावर लिहून दाखवले आहेत. पण घरात बारसे, दारात पाहुणे आणि खाटेवर कण्हणारी मुलगी असताना सभा गाजवणारी ही बाई काय म्हणाली? “मावशी, अकोल्याला कशाला जायचं? तुम्हीच द्या ना एक झटका. संध्याकाळपर्यंत नस बसेल.”

होय, हे मीच म्हणाले.

मावशींनी केतकीच्या मानेवरून बोटे फिरवली. दाबली नाहीत, नुसती फिरवली.

“नस चढली असती तं बोटाखाली गोया लागला असता. इथं मऊ हाय. मी बोट टेकवलं तं जास्त दुखते काय वं पोरी?”

“नाही मावशी. हात लावा, नका लावू, तसंच दुखतं.”

“मंग हे वरतून नाई. आतून हाय.”

त्यांनी केतकीला खिडकीपाशी नेले. काजळाची डबी उघडली. दोन्ही डोळ्यांत रेघ ओढली आणि दोन पावले मागे सरकून पाहिले. मग डावा डोळा पदराने पुसला, पुन्हा रेघ ओढली, पुन्हा मागे सरकल्या. तिसऱ्यांदा तेच केले. विहीणबाई म्हणाल्या, “अवो, काजयाचं काय घेऊन बसल्या?” मावशींनी त्यांच्याकडे लक्ष दिले नाही.

“म्याडम, इकडं या. मी दोनी डोयाले सारखंच काजय लावलं. डाव्यातलं कमी काहून दिसून राहिलं?”

मी वाकून पाहिले. काजळ जागच्या जागी होते. पापणीच खाली आली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. गेले दोन दिवस मी त्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि मला ते दिसले नव्हते. काजळाच्या काळ्या रेघेने ते मोजून दाखवले.

“जागरनानं डोया जड झाला असन,” विहीणबाई म्हणाल्या.

“जागरन दोनी डोयाले झालं ना बाई. एकच काहून जड झाला?” मावशींनी डबी मिटली. “मी मानेले हात लावत नाई. कोनालेच लावू देत नाई. गाडी काढा.”

“मावशी, बारसं आहे संध्याकाळी.”

“बारसं उद्या बी होते. नाव नाई ठेवलं म्हनून लेकरू कुठं पयून चाललं काय?”

बाळाला विहीणबाईंच्या मांडीवर ठेवून आम्ही निघालो. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी केतकीला तपासले. रक्तदाब ठीक होता, ताप नव्हता. “बाळंतपणानंतर डोकं दुखतं. पाणी भरपूर प्या, झोप घ्या, ही गोळी घ्या,” ते म्हणाले. मी त्यांचे आभार मानले आणि उठले. मावशीही उठल्या, पण बाहेर पडल्या नाहीत. त्या दारात उभ्या राहिल्या, आणि त्या दारातून आता बाहेर पडता येणार नव्हते.

“सायेब, मी मालीशवाली हाय. मले तुमच्या इतकं समजत नाई. पन तुमी एकडाव तिच्या डोयातल्या काजयाकडे पाहा. मंग म्हना घरी जा, आमी जातो.”

त्या तरुण डॉक्टरांचे मोठेपण असे की त्यांनी पुन्हा पाहिले. खोलीतला दिवा मालवला आणि लहान टॉर्चचा उजेड आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात टाकला. डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा लहान होती. त्यांनी टॉर्च खिशात ठेवली, गोळीची चिठ्ठी फाडली आणि मेंदूविकाराच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. दुपारपर्यंत मेंदूचा आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय झाला.

मोठ्या डॉक्टर बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितले, “मेंदूला रक्त नेणारी जी धमनी मानेतून वर जाते, तिचं आतलं अस्तर फाटलं आहे. कोटाच्या बाहीत हात घालताना कधी कधी तो फाटक्या अस्तरात शिरतो ना, तसं रक्त धमनीच्या भिंतीत शिरतंय. वाट अरुंद झाली आहे. तिथे गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर अर्धांगवायू होतो.”

“म्हंजे अस्तर उसवलं,” मावशी म्हणाल्या.

“अगदी बरोबर. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत हे होऊ शकतं. क्वचित होतं, पण होतं. कळा देताना पडलेला जोर, शरीरातले बदल, कधी रक्तदाब. पुष्कळदा कारण सापडतही नाही.”

मी विचारले, “मानेला झटका दिला असता तर?”

डॉक्टर बाईंनी चष्मा काढला. “कोणी हात लावला नाही ना?”

“नाही.”

“मग तो प्रश्न नका विचारू.”

रक्त पातळ ठेवणारे औषध लगेच सुरू झाले. संध्याकाळी, नेमकी बारशाची वेळ टळत असताना, केतकीच्या उजव्या हातातला चमचा गळून पडला. ती माझ्याकडे पाहत होती, काही बोलू पाहत होती, आणि शब्द येत नव्हता. परिचारिका धावली, डॉक्टर धावले. मी आयुष्यात इतके शब्द उधळले, पण त्या दहा मिनिटांत माझ्या मुलीला एक शब्द मिळावा एवढेच मागत होते. मावशींनी तिचा डावा हात धरून ठेवला होता. दहा मिनिटांनी केतकीच्या ओठांतून शब्द आला, “बाळ.” मग सगळे वाक्य आले, “बाळ कुठंय?”

“तुह्या सासूच्या मांडीवर मुतून राहिलं असन,” मावशी म्हणाल्या. केतकी हसली. तिच्या ओठांची दोन्ही टोके सारखी वर गेली. मावशी तेच पाहत होत्या.

त्यानंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसून त्या रडल्या. मी समजूत घालू लागले, तर म्हणाल्या, “मी केतकीसाठी रडत नाई. वनितासाठी रडून राहिली.”

वनिता म्हणजे त्यांच्या बहिणीची मुलगी, अकोल्याला दिलेली. पुष्कळ वर्षांपूर्वी तिच्या बाळंतपणात मावशी मालीश करायला गेल्या होत्या. तिचीही मान अशीच दुखत होती. सगळे म्हणाले, नस चढली. मावशींनी झटका दिला. दुसऱ्या दिवशी वनिताची उजवी बाजू गेली. घरचे म्हणाले, अंगावरून बाळंतवारं गेलं. वनिता जगली, पुढे चालूही लागली, पण उजवा हात परत आला नाही. “आदल्या दिवशी काजय लावलं तवा मले डोया लहान दिसला होता,” मावशी म्हणाल्या. “मले वाटलं, काजयच बिघडलं. मी पुसून टाकलं.”

नंतर त्यांना जो डॉक्टर भेटेल त्याला त्या विचारत राहिल्या. एकाने शेवटी समजावून सांगितले की धमनी आधीच फाटली असेल, झटक्याने फाटली असेल, आता सांगता येणार नाही. “तो म्हने, सांगता येत नाई. मंग मी माह्यावरच घेतलं.”

हे वाक्य वाचकांनी पुन्हा वाचावे. पदव्या असलेल्या, खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना मी संशयाचा फायदा घेताना आयुष्यभर पाहिले आहे. मीही घेतला आहे. अक्षरओळख नसलेल्या या बाईंनी तो नाकारला. वनिताची बाजू गेली त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्या मानेला झटका दिला नाही. आणि त्या दिवसापासून दर महिन्याला त्या एसटीने अकोल्याला जातात, वनिताच्या केसांना तेल लावतात आणि वेणी घालतात, कारण एका हाताने वेणी घालता येत नाही. एकदा मी त्यांच्यासोबत गेले होते. मूर्तिजापूर गेल्यावर त्या म्हणाल्या, “म्याडम, तिथं भाषन करू नका हं. ते पोरगी लय बोलते, तुमाले पायी येनार नाई.” पाळी आली नाही, हे खरे.

केतकी बरी झाली. औषध काही महिने चालले. अंगावर दूध पाजता येईल असेच औषध डॉक्टरांनी निवडले होते. पुढच्या तपासणीत धमनीचे अस्तर सांधलेले दिसले. बारसे सव्वा महिन्याने झाले आणि विहीणबाईंनी पहिला मान मावशींना दिला. देताना म्हणाल्या, “अकोल्यातल्या त्या झटकेवाल्याकडे मी दोनदा जाऊन आली वो. आता मान दुखली तं कोनाकडे जाऊ?” मावशी म्हणाल्या, “डाक्तरकडे. अन आधी आरशात पाहा.”

मी मोर्शीच्या त्याच सभागृहात गेले आणि माझे जुने वाक्य परत घेतले. विवेकावरचा माझा विश्वास तसूभरही ढळलेला नाही. उलट विवेकाची पहिली पायरी कोणती, ते मला तेव्हा कळले. ती पायरी म्हणजे पाहणे. स्वतःची चूक पाहणे, ती न पुसणे, आणि तिच्यासारखे दुसरे काही दिसले की थांबणे. शास्त्र याहून वेगळे काय करते? अडाणी मी होते. मी न पाहता बोलत होते.

आता आम्ही दोघी मिळून जातो. मोर्शी, धामणगाव, जिथे मालीश करणाऱ्या बाया जमतील तिथे. मी दहा मिनिटे बोलते. वेळ मावशींनी ठरवून दिली आहे. मग त्या डबी उघडतात आणि काजळ लावून दाखवतात. त्या जे सांगतात, ते या ग्रंथाच्या प्रत्येक वाचकाने आपल्या घरी सांगावे. बाळंतिणीची मान किंवा डोके एकाएकी, कधी दुखले नाही असे दुखू लागले, एका डोळ्याची पापणी उतरली, कानात नाडीचे ठोके ऐकू येऊ लागले, चक्कर आली, जीभ अडखळली, हातातली वस्तू गळली, तर मालीश नाही, झटका नाही, बुवा नाही, ‘झोप झाली नाही’ नाही. सरळ दवाखाना. तिथेही कोणी घरी जा म्हणाले, तर दारात उभे राहायचे. गेल्या वर्षी धामणगावच्या एका तरुण मालीशवालीने अशाच एका बाळंतिणीला दवाखान्यात नेले आणि मावशींना फोन केला. मावशींनी फोन ठेवून मला एवढेच सांगितले, “काजय कामी आलं.”

यंदा अनसूयाबाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. अमरावती आणि अकोल्यातल्या ज्या घरांतली लेकरे त्यांच्या हाताखालून गेली, त्या घरांनी मिळून हा ग्रंथ काढला आहे. मी लेखाची परवानगी मागायला गेले, तेव्हा त्यांनी ती अट घातली. “माहं चांगलं लिवता तं माही चूक बी लिवा. वनिताचं नाव घालून लिवा. मी तिले इचारलं हाय, ते हो म्हने. नाई लिवलं तं मी त्या सत्काराच्या खुर्चीवर बसत नाई.” आणि लगेच दुसरी अट घातली, “अन मले ववायाले वनिता पायजे.”

म्हणून समारंभाच्या दिवशी औक्षण वनिताताई करणार आहेत, डाव्या हाताने. तबकाची दुसरी बाजू केतकी धरणार आहे. डाव्या हाताने ओवाळणे चालत नाही असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी माझ्याशी बोलावे. त्या दिवशी मला दहा मिनिटांची मर्यादा नाही.

मावशी, तुमची चूक मी लिहिली. माझीही लिहिली. आता खुर्चीवर बसा. तुमची मनगटे अशीच भक्कम राहोत आणि अकोल्याची एसटी तुम्हाला वेळेवर मिळत राहो. डोळे तेवढे तुमच्याच शिष्यांकडून तपासून घ्या. ओवाळून झाल्यावर वनिताताई डाव्या हाताच्या करंगळीने तुमच्या दोन्ही डोळ्यांत काजळ घालणार आहेत. मग दोन पावले मागे सरकून त्या पाहतील, आणि आम्ही सगळे श्वास रोखून थांबू. दोन्ही रेघा सारख्या दिसोत. शंभराव्या वर्षीही सारख्याच दिसोत.